न वापरलेले हार्डवेअर बंद करायचे, तर डिव्हाइस मॅनेजरमधून की बायोसमधून?

लॅपटॉपमधले जे भाग आपण कधी वापरत नाही ते बंद करून वीज वाचवायची, असे एकदा ठरले की दोन मार्ग समोर येतात : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे हार्डवेअरची यादी दाखवणाऱ्या सोयीत, जाऊन तो भाग ‘डिसेबल’ करणे, किंवा बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये, शिरून तो ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारच नाही अशी व्यवस्था करणे. मी दोन्ही करून पाहिले आहे.

डिव्हाइस मॅनेजरची सोय मान्य करायलाच हवी. कार्ड रीडरची गरज पडली, तर तो अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू करता येतो, आणि चुकीचा भाग बंद झाला तरी ती चूक तिथल्या तिथे सुधारता येते. बायोसमधल्या प्रत्येक बदलासाठी मात्र उघडी कामे बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय कोणते पर्याय मिळतील हे बनवणाऱ्यावर अवलंबून असते. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये कॅमेरा, ब्लूटूथ, लॅन (तारेने नेटवर्क जोडणारा भाग) असे सगळे भाग वेगवेगळे बंद करता येतात, तर काहींत जवळजवळ काहीच करता येत नाही.

तरीही माझा कल बायोसकडे आहे आणि त्याचे कारण ग्राफिक्स कार्ड हे आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवाय एक स्वतंत्र कार्डही होते. माझे काम लेखनाचे आणि हिशेबाच्या तक्त्यांचे असल्याने मी ते कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केले. त्यानंतर घरातली वीज गेली की बॅटरीवर काम करताना लॅपटॉपचा तळ मांडीवर ठेवता येणार नाही इतका तापू लागला, पंखा थांबेनासा झाला आणि बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागली. आठवडाभर मी बॅटरीच्या वयालाच दोष देत राहिलो. खरे कारण असे, की ‘डिसेबल’ केल्याने त्या भागाची वीज तुटतेच असे नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, काढून घेते, एवढेच निश्चित असते. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये काम नसताना स्वतंत्र कार्डाला झोपवण्याची, म्हणजे ‘डी३ कोल्ड’ अवस्थेत नेऊन त्याचा वीजपुरवठा थांबवण्याची जबाबदारी बहुधा त्या ड्रायव्हरवरच असते. तोच काढून घेतला, की कार्ड ‘डी०’ या पूर्ण जाग्या अवस्थेत पडून राहू शकते, आणि असा एक जागा भाग प्रोसेसरलाही त्याच्या सर्वांत खोल विश्रांतीत जाऊ देत नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर नुसता ‘ब्लॅकलिस्ट’ केला, म्हणजे सुरूच होऊ दिला नाही, तरी हाच प्रकार होऊ शकतो.

बायोसमध्ये ‘फक्त प्रोसेसरचे ग्राफिक्स’ हा पर्याय निवडल्यावर हा त्रास थांबला. किती वॅट वाचले हे मी मोजलेले नाही. परंतु पंखा शांत झाला आणि पूर्वी जेवणाच्या वेळेपर्यंत संपणारी बॅटरी दुपारच्या चहापर्यंत पुरू लागली, हे रोज अनुभवले. लॅनच्या बाबतीतही बायोसच सरस वाटले, कारण ‘वेक ऑन लॅन’ (नेटवर्कवरून लॅपटॉप सुरू करण्याची सोय) चालू असेल तर लॅपटॉप बंद असतानाही त्या भागाला थोडी वीज मिळत राहू शकते.

कॅमेरा किंवा बोटाचा ठसा वाचणारा भाग बंद केल्याने मात्र मला जाणवण्याजोगा फरक पडला नाही; तेवढ्यासाठी डिव्हाइस मॅनेजर वापरायला हरकत नसावी. बायोसमध्ये ग्राफिक्सचा पर्यायच नसेल, तर कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही चालू ठेवणे हे अर्धवट बंद करण्यापेक्षा बरे, असे माझे मत आहे. बायोस मूळ स्थितीवर आणला गेला तर हे बदल पुसले जातात, म्हणून मी ते वहीत लिहून ठेवले आहेत. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी स्वतंत्र कार्डाकडूनच येते. त्यामुळे ज्यांना प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर लावावा लागतो, त्यांनी कार्ड बायोसमधून बंद केल्यावर तो लगेच एकदा जोडून पाहावा.