दाढ काढू की रूट कॅनल करू?

आर्णीकडच्या मावशीच्या खालच्या दाढेत ज्वारीचा दाणा बसेल एवढं भोक. रात्रभर लवंग धरून बसली. सकाळी फोन: "बापू, काढूनच टाकतो तिले. कापूस वेचाच्या दिवसात नागपूरले चकरा कोन मारन?"

खर्चात काढणंच स्वस्त. सरकारी दवाखान्यात दंतवैद्य असला तर नाममात्र पैशात काम होतं. रूट कॅनलला, म्हणजे दाढ न काढता तिच्या आतली किडलेली नस साफ करून भरायला, खासगीत हजारोंनी मोजावे लागतात, वर कॅपचे (दाढेवर बसवायच्या टोपणाचे) वेगळे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बरंच कमी लागतं, पण रांग आणि एसटीचं भाडं धरा.

वेळही तसाच. काढणं एका बैठकीत, रूट कॅनलला बहुतेकदा दोन-तीन खेपा. मात्र काढल्यावर निदान तीन दिवस खर्रा, तंबाखू बंद. नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते आणि असा ठणका लागतो की आधीची दाढ बरी होती म्हणाल. (आमच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी खर्र्याची पुडी उघडली होती.)

टिकाऊपणात पारडं फिरतं. दाढ गेली की हळूहळू शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात, वरची दाढ खाली उतरते, भाकरी एकाच बाजूने चावावी लागते. कॅप घातलेली दाढ नीट घासली तर वर्षानुवर्षं चालते.

अक्कलदाढ असेल, किंवा मुळाशीच खुंट उरला असेल, तर काढा. दाढेच्या भिंती शाबूत असतील तर वाचवा. मावशीची वाचण्यासारखी आहे. वेचणी संपली की पहिली खेप.