लाइव्ह रॉक सांगून रंगवलेलं सिमेंट विकलं, नवीन मरीन टँक लावणाऱ्यांनी नक्की वाचा

ठाणे, घणसोली, वाशी इकडे जे कोणी खाऱ्या पाण्याचा पहिला टँक लावतायत त्यांनी पैसे पाठवायच्या आधी हे वाचा, प्लीज.

मी कोपरखैरणेला राहतो. गोड्या पाण्याचे मासे बरीच वर्षं पाळतोय, पण मरीन पहिल्यांदाच, तीन फुटी टँक, साधारण 190 लिटरचा. मरीनमध्ये सगळी भिस्त लाइव्ह रॉकवर असते, म्हणजे मेलेल्या प्रवाळाचे समुद्रातून काढलेले दगड, त्या दगडाच्या बारीक छिद्रांत राहणारे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि वर जांभळ्या-गुलाबी कोरलाइन अल्गीचा (चुन्यासारख्या टणक समुद्री शेवाळाचा) थर दिसला की आपण समजतो दगड मुरलेला आहे. विकणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

ठाण्यातला माणूस, दुकान नाही, घरूनच विकतो. म्हणाला, "दादा, लक्षद्वीपचा माल आहे, पूर्ण क्युअर केलाय, आज टाका आणि उद्या मासे सोडा." क्युअर म्हणजे आधीच पाण्यात मुरवून तयार केलेला. 1100 रुपये किलोने 18 किलो घेतला, 19,800 झाले. वर कोरलाइन वाढवायचं औषध म्हणून बिनलेबलची बाटली 1,500 ला. बिल मागितलं तर म्हणाला ह्या लाइनमध्ये बिल नसतं, आणि मी गप्प बसलो, तिथेच उठून यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडली. तिसऱ्या दिवशी दोघं तळाशी बसून धापा टाकायला लागले. टेस्ट किट काढलं, अमोनिया 1 पीपीएमच्या वर आणि पीएच 8.9, जो 8.1 ते 8.4 च्या मधे असायला हवा. पीएच जेवढा वर जातो तेवढा तोच अमोनिया माशांना जास्त विषारी होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. निम्मं पाणी बदललं, रात्री दोनपर्यंत जागलो, सकाळी दोन्ही गेलेले होते. मुलगी शाळेतून आल्यावर तिला काय सांगायचं हेच सुचत नव्हतं.

मग एकेक दगड बाहेर काढला. वाळूत रुतलेली खालची बाजूसुद्धा वरच्याइतकीच जांभळी. कोरलाइन ही अल्गी आहे, तिला थोडा तरी उजेड लागतो, वाळूखाली ती पांढरी पडते. नख लावलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत करडं सिमेंट. कच्च्या सिमेंटमधून चुना पाण्यात सुटतो, पीएच त्यानेच चढला होता. बॅक्टेरिया तर त्यात कुठून असणार! 18 किलोमधले वरचे दोनच तुकडे खरे, तेही वाळून मेलेले. बाटलीतलं औषध दहा दिवस सांगितलं तेवढं टाकलं, कोरलाइनला लागणारं कॅल्शियम आधी 360 पीपीएम होतं, नंतरही 360च.

फोन केला तर म्हणाला तुमच्याच पाण्यात प्रॉब्लेम आहे, मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केली, त्यांनी पहिलं बिलच मागितलं. माझ्याकडे फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट आहे, तेच पाठवलंय.

अजून एक गोष्ट, जी मला नंतर कळली आणि ज्याने जास्त घाम फुटला. आपल्याकडे समुद्रात रीफ बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहेत. म्हणजे तो माल खरंच लक्षद्वीपचा असता तर गुन्ह्यात मीपण अडकलो असतो. असं कोणी अभिमानाने सांगत असेल तर तिथून निघा.

खरी कोरलाइन दगडाला चिकटलेली, टणक असते, नखाने निघत नाही, ब्लेडने खरवडावी लागते. रंग एकसारखा नसतो, कुठे गुलाबी, कुठे मरून, मधेच पांढरे डाग. दगड नाकाजवळ धरा, समुद्राचा वास ठीक, सडक्या अंड्याचा आला तर आतले जीव मेलेत, तो तसाच टँकमध्ये टाकायचा नाही.

आता घोडबंदरच्या एका काकांनी सांगितलं तसं करतोय. साधा ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला दगड) घेतला, मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून पाच आठवडे ठेवला, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच टँकमध्ये. पाणी आरओ-डीआयचंच (फिल्टरने क्षार काढून शुद्ध केलेलं), मोरबे धरणाचं नळाचं पाणी थेट नाही, त्यात क्लोरीन असतं. मे महिन्यात टँक 31 डिग्रीला गेला म्हणून वर पंखा लावला, आता 26-27 असतं, पंख्याने पाणी भराभर उडतं तेव्हा रोज साधं आरओ पाणी भरायचं, मिठाचं नाही, नाहीतर खारटपणा वाढत जातो. कॅल्शियम 420 पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) 8.5 dKH, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास धरून ठेवलंय, कारण कोरलाइनचं शरीरच चुन्याचं असतं, ह्यातलं एक जरी पडलं तरी वाढ थांबते.

काकांनी त्यांच्या काचेवरची कोरलाइन खरवडून पुडीत दिली, पैसे घेतले नाहीत. ती पॉवरहेडसमोर सोडली. दोन महिन्यांनी मागच्या काचेवर मोहरीएवढे तीन गुलाबी ठिपके दिसले, मुलीनेच पहिले बघितले. मासे अजून सोडले नाहीत.