व्हीएस कोडमधलं एक्स्टेंशन डिबगिंग: क्लायंटपर्यंत झकास, सर्व्हरपाशी गाडी अडते

एखाद्या प्रोग्रामिंग भाषेसाठी व्हीएस कोड या कोड एडिटरचं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) लिहायला घेतलं, की ते डिबग करायचं (त्यातल्या चुका शोधायचं) सगळं सामान एडिटरमध्येच फुकटात मिळतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी स्वतःची छोटी भाषा बनवणारे असोत, की मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात कंपनीची अंतर्गत कॉन्फिगरेशन भाषा सांभाळणारे. नागपुरात दोघांच्याही हाती हेच पडतं. क्लायंटच्या, म्हणजे एडिटरमध्येच चालणाऱ्या भागाच्या, बाजूला ५ पैकी साडेचार गुण. लँग्वेज सर्व्हरच्या, म्हणजे भाषा समजून चुका दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, बाजूला ३, तेही जरा हात सैल सोडून.

आधी चांगलं. योमन जनरेटरने (प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या फाइली बनवून देणारं साधन) सांगाडा तयार करून एफ-५ दाबलं, की एक्स्टेंशन डेव्हलपमेंट होस्ट नावाची दुसरी खिडकी उघडते आणि तुमचं एक्स्टेंशन तिच्यात चालतं. कोड बदलला की त्या खिडकीत कंट्रोल-आर. पुन्हा सगळं बंद करून सुरू करायची गरज नाही. ईएसबिल्डचा (कोड एकत्र बांधणारं साधन) साचा निवडला असेल, तर त्याचं प्रॉब्लेम मॅचर एक्स्टेंशन आधी टाका. नाहीतर बिल्ड कधी संपलं हे एडिटरला कळत नाही आणि एफ-५ दाबल्यावर नुसती तक्रार येते.

ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) लाल न होता करडा पोकळ गोल राहिला, तर कोडकडे नंतर बघा. दहापैकी नऊ वेळा सोर्स मॅप (बिल्ड झालेल्या कोडची मूळ कोडशी जुळणी) बंद असतो किंवा लाँच फाइलमधला आउटफाइल्सचा मार्ग चुकलेला असतो: बिल्ड 'डिस्ट'मध्ये जातंय आणि मार्ग अजून 'आउट'वर बोट ठेवून बसलाय. त्याच फाइलमध्ये 'डिसेबल एक्स्टेंशन्स' हा आर्ग्युमेंट घातला, की इतर एक्स्टेंशनांची लुडबुड थांबते. मे महिन्यात पारा ४५च्या घरात आणि लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल, तर दोन खिडक्या आणि वॉच टास्क एकत्र चालवताना तेवढाच दिलासा.

एक्स्टेंशन जागंच होत नसेल, तर कमांड पॅलेटमधून 'शो रनिंग एक्स्टेंशन्स' उघडा. यादीत नाव नसेल, तर पॅकेज फाइलमधलं इंजिन्सचं व्हर्जन तुमच्या एडिटरपेक्षा नवं तर नाही ना, ते तपासा. व्हीएस कोड १.७४ पासून स्वतः नोंदवलेल्या भाषेसाठी ॲक्टिव्हेशन इव्हेंट (एक्स्टेंशन कधी जागं व्हायचं त्याची नोंद) वेगळा लिहावा लागत नाही; जुने ट्युटोरियल वाचून तो शोधत बसू नका.

रंग चुकत असतील, तर 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' हे हत्यार अप्रतिम आहे. कर्सर ठेवला की कुठला स्कोप (त्या शब्दाला ग्रामरने दिलेलं नाव) लागला आणि थीमच्या कुठल्या नियमाने रंग दिला, दोन्ही दिसतं. फक्त टेक्स्टमेट ग्रामर (रंगांसाठी कोड ओळखणारे नियम) एका वेळी एकच ओळ बघतं, हे विसरू नका. अनेक ओळींची कॉमेंट एका रेगेक्समध्ये (मजकूर शोधायचा पॅटर्न) कधीच बसणार नाही. तिला बिगिन-एंड जोडीच लागते.

आता अडचण. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि सर्व्हरने आपसात कसं बोलायचं ते नियम) पुढे आणला. त्यात सर्व्हर ही वेगळी प्रोसेस असते, म्हणून एफ-५ चा डिबगर जोडला जातो तो क्लायंटलाच. सर्व्हरमध्ये लावलेले ब्रेकपॉइंट मुकाट बसून राहतात. सर्व्हर नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) असेल, तर तो इन्स्पेक्ट पर्यायाने ६००९ सारख्या पोर्टवर सुरू करा आणि लाँच फाइलमध्ये 'अटॅच' जोडून कंपाउंड (दोन्ही डिबगर एकदम सुरू करणारी नोंद) बनवा. इनिशियलाइझ होतानाचा बग हवा असेल, तर साधा इन्स्पेक्ट उपयोगाचा नाही, कारण जोडणी होईपर्यंत त्या ओळी निघून गेलेल्या असतात. तिथे सुरुवातीलाच थांबवणारा इन्स्पेक्ट-ब्रेक लागतो. मागच्या खेपेचा सर्व्हर मरता मरता राहिला असेल, तर पोर्ट अडकतं. टास्क मॅनेजरमधून त्याला आधी मोकळं करा. पायथॉनच्या सर्व्हरसाठी डिबगपाय हा पायथॉनचा डिबगर लावून डिबग क्लायंटची वाट बघायला सांगता येतं.

पायथॉन, गो किंवा रस्टमधला सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवरून बोलत असेल, तर त्यात एकही प्रिंट नको. प्रत्येक निरोपाआधी कंटेंट-लेंग्थचं हेडर अपेक्षित असतं. मध्येच 'इथे आलो' छापलं की संवाद तुटतो. लॉग स्टँडर्ड एररवर टाका, तो आउटपुट पॅनेलमध्ये दिसतो. ट्रेस सर्व्हरचं सेटिंग 'व्हर्बोज' केलं की दोन्हीकडचे निरोप वाचता येतात. पण त्या सेटिंगच्या सुरुवातीचा शब्द क्लायंटला दिलेल्या आयडीशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर एररही येत नाही, ट्रेसही येत नाही. तीनचे साडेतीन गुण होता होता राहिले ते इथेच.

मराठी मजकूर असलेल्या फाइलींवर चाचणी न घेता एक्स्टेंशन बाहेर सोडू नका. प्रोटोकॉलमध्ये कॉलम मूळात यूटीएफ-१६ च्या (अक्षरं साठवायची एक पद्धत; यूटीएफ-८ ही दुसरी) एककांत मोजतात. 'सीताबर्डी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. यूटीएफ-१६ मध्ये ती ९ एककं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. गो किंवा रस्टमधल्या सर्व्हरने बाइट मोजले, तर त्या शब्दानंतरची लाल नागमोडी रेघ १८ घरं पुढे सरकते. पायथॉनमध्ये लांबी ९च येते, म्हणून बग नाही असं वाटतं. त्याच ओळीत एक इमोजी टाका, म्हणजे एका घराची चूक उघडी पडेल. चाचणीच्या फाइलीत दोन्ही हवं. प्रोटोकॉलच्या ३.१७ व्हर्जनपासून मोजणीचं एकक दोघांना आपसात ठरवता येतं, पण सर्व्हरने ते परस्पर गृहीत धरायचं नाही.

दुसरी खोच वर्ड पॅटर्नची, म्हणजे शब्द कुठे सुरू होऊन कुठे संपतो ते ठरवणाऱ्या नियमाची. तो जावास्क्रिप्टच्या रेगेक्सने चालतो आणि त्यातल्या बॅकस्लॅश-डब्ल्यूला ('शब्दातलं अक्षर' सांगणारी खूण) देवनागरी ओळखता येत नाही. युनिकोडचा 'अक्षर' गट घेतला तरी 'सी'ची वेलांटी बाहेरच राहते, कारण मात्रा आणि हलन्त 'चिन्ह' गटात मोडतात. दोन्ही गट घ्या, सोबत यू (युनिकोड) फ्लॅग द्या. नाहीतर डबल-क्लिकवर शब्दाचे तुकडे पडतात. रंग देणाऱ्या ग्रामरचं रेगेक्स इंजिन वेगळं, ओनिगुरुमा. तिथे बॅकस्लॅश-डब्ल्यूचा पॅटर्नही नीट चालतो, म्हणून रंग बरोबर आणि सिलेक्शन चूक असं विचित्र दृश्य दिसतं.

एफ-५ ने चाललेलं एक्स्टेंशन पॅकेज करून टाकल्यावर कोसळलं, तर बहुतेक वेळा लागणारी लायब्ररी डेव्ह डिपेंडन्सीत (फक्त बनवताना लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) राहिलेली असते आणि बंडलही केलेली नसते, किंवा व्हीएसकोड-इग्नोर फाइलीने बिल्डचं फोल्डरच गाळलेलं असतं. व्हीएसआयएक्स, म्हणजे पॅकेज केलेलं एक्स्टेंशन, ही शेवटी झिप फाइलच आहे. उघडून आत सर्व्हरची फाइल आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतो.