वाफ वर न्यायची कशी: छतातला क्युपोला की पॅनवरचा हूड?

घरामागच्या मेपलच्या झाडांना नळ्या ठोकून त्यांचा गोड रस काढायला आणि तो आटवून सिरप करायला सुरुवात केली की पहिला मोसम अंगणातच जातो. विटांची चूल, वर स्टीलचा पसरट पॅन, अंगात जाड जॅकेट, आणि वाफ वाऱ्याबरोबर जाईल तिकडे जाते. दुसऱ्या वर्षी झाडं वाढतात, रस वाढतो, रात्री उणे पाचात चुलीशी उभं राहणं नको होतं. कुणाकडून तरी वापरलेला इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायची भट्टी आणि तिच्यावरचे पॅन, मिळतो आणि शेड बांधायचा विचार पक्का होतो. वाफेचा प्रश्न तेव्हाच सोडवून घ्या. छप्पर घातल्यावर तो सोडवायचा म्हणजे छप्पर कापायचं. इथे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मी माझं कापलं आहे, म्हणून एवढं आवर्जून सांगतो.

आधी वाफ किती, ते पाहू. शुगर मेपलच्या रसात साखर साधारण २ टक्के असते. ८६ ला त्या टक्क्यांनी भागलं की एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. हा इथल्या लोकांचा तोंडी हिशेब. म्हणजे ४३ गॅलन रस आणि त्यातलं ४२ गॅलन पाणी हवेत. लिटरमध्ये सांगायचं तर पावणेचार लिटर सिरपसाठी जवळजवळ १६० लिटर पाणी उडवायचं. एक लिटर पाण्याची सुमारे १,६७० लिटर वाफ होते. सपाट तळाचा पॅन दर चौरस फुटाला तासाला साधारण एक गॅलन पाणी उडवतो. तेव्हा २ बाय ४ फुटांचा लहानसा पॅनसुद्धा तासाला ५० घनमीटर वाफ सोडतो, आणि १२ बाय १६ फुटांची, बऱ्यापैकी उंच शेड आतून तेवढीच असते. तासाभरात आख्खी शेड एकदा वाफेने भरते, असं समजा. पन्हाळीचा, म्हणजे खाली खोल खाचा असलेला पॅन असेल तर याच्या दुप्पट धरा.

कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्यांना इथे प्रश्न पडतो. काहिलीवरून ढगच्या ढग उठतात, तिथे वाफेसाठी कुणी वेगळी सोय केलेली नसते. पण गुऱ्हाळाची शेड बाजूंनी मोकळी असते आणि बाहेरची हवा उबदार असते. मेपलचा रस मुळात वाहतोच रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं चालू असताना, फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावतं, तीस अंशाला ३० ग्रॅम. गार हवा वाफेला भिडली की तिथल्या तिथे धुकं होतं, आणि ते वर जात नाही, खांद्याच्या उंचीला तरंगत राहतं.

माझ्या पहिल्या शेडमध्ये वर फक्त दोन्ही त्रिकोणी भिंतींना एकेक खिडकी होती. वाटलं होतं, पुरेल. पहिल्या मोठ्या उकळीला चष्मा पांढरा झाला, तो काढला तरी पॅनचं मागचं टोक दिसेना. रसाची पातळी नेमकी तिथेच उतरली होती. जळकट वास आला तेव्हा धावलो, पण तोवर तळ करपला होता. त्या रात्रीचा सगळा पाक कडू झाला. शिवाय वाशांवरून टपटप पाणी गळत होतं. एक थेंब पांढऱ्या बादलीच्या झाकणावर पडला, तो चहाच्या रंगाचा होता. लाकडातला कस, पत्र्याचा गंज, वर्षभराची धूळ आणि कोळिष्टकं, सगळं त्या थेंबात उतरतं. असे थेंब पॅनमध्येही पडतच होते. वाफेची सोय करायची ती या दोन गोष्टींसाठी: पॅन दिसला पाहिजे, आणि छताचं पाणी पाकात पडता कामा नये.

पर्याय खरे दोनच. छताच्या माथ्यावर दारं असलेला क्युपोला, किंवा थेट पॅनवर बसवलेला हूड आणि त्यातून छताबाहेर जाणारा पाइप.

क्युपोला

व्हरमाँटच्या रस्त्याने मार्चमध्ये जाताना जे चित्र दिसतं ते याचं: लाकडी शेड, माथ्यावर छोटं दुसरं छप्पर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या उघडलेल्या आणि त्यातून वाफेचा लोट. तो लोट दिसला की गावाला कळतं, आज रस आटतोय.

माप सोपं आहे. उघडी जागा निदान पॅनच्या लांबीरुंदीइतकी, आणि पॅनच्या बरोबर वर. लांबीला फूटभर जास्त ठेवली तर उत्तमच. यात काटकसर करणाऱ्यांची वाफ छताला आपटून परत खाली येते. दारांना खालून ओढायची दोरी आणि कप्पी लावा, आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वेगवेगळ्या ठेवा. वारा पश्चिमेचा असेल तर फक्त पूर्वेचं दार उघडायचं. दोन्ही उघडली की वारा आरपार घुसतो आणि वाफ खाली दाबतो. एकाच दोरीने दोन्ही दारं उघडणारी रचना दिसायला सुटसुटीत, पण वाऱ्याच्या दिवशी तिचा पश्चात्ताप होतो.

क्युपोलाची जमेची बाजू म्हणजे पॅन पूर्ण उघडा राहतो. फेस वर आला की लगेच दिसतो, लोण्याचा एवढासा तुकडा टाकून तो बसवता येतो. पाक ओगराळ्यातून कसा ओघळतो तेही उभ्या उभ्या बघता येतं. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा तापमान ७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सियस वर गेलं की सिरप झालं हे थर्मामीटर सांगतोच. तरी ओगराळ्याच्या कडेवरून पाक पडद्यासारखा चिकटून लोंबताना पाहिला की खात्री पटते. आपल्याकडे तार बघतात, तसंच हे. सुतारकाम येत असेल तर क्युपोलाला लाकूड, बिजागऱ्या आणि दोरी यापलीकडे फारसा खर्चही नाही.

उणी बाजू: ऊब सगळी वर जाते, वासे भिजतात आणि थेंबांचा धोका पूर्ण जात नाही. पत्रा उघडा ठेवू नका, आतून प्लायवुड मारा. उकळ संपल्यावरही तासभर दारं उघडी राहू द्या, म्हणजे लाकूड सुकेल, नाहीतर एप्रिलपर्यंत बुरशी धरते. काही जण क्युपोलाच्या चौकटीपासून पॅनच्या वर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी फळ्यांची झालर सोडतात, वाफेला वाट दाखवायला. माझ्या मते लहान शेडमध्ये ही झालर क्युपोलाइतकीच महत्त्वाची आहे. मी ती दोन वर्षं उशिरा लावली.

हूड

हूड म्हणजे पॅनवर उलटं ठेवलेलं स्टेनलेसचं झाकण. वाफ शेडमध्ये पसरतच नाही, सरळ पाइपातून बाहेर. आतल्या कडेने पन्हळ असते. हूडच्या गार भिंतींवर जमलेलं पाणी त्या पन्हळीतून नळीवाटे बादलीत येतं. हे पाणी कढत असतं आणि भांडी, गाळण्या धुवायला फार कामाचं. शेड कोरडी राहते, मुलं येऊन बसतात, चष्मा स्वच्छ राहतो. पाहुण्यांची ये-जा असेल तर हा फरक मोठा आहे.

हूडचा खरा फायदा मात्र प्रीहीटरचा. हूडच्या आत तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या नळ्या बसवायच्या आणि पॅनमध्ये जाणारा गार रस त्यातून फिरवून आणायचा. गणित बघा: एक किलो गार रस शून्याजवळून उकळीला आणायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात, आणि ते पाणी उडवायला आणखी २,२५७. म्हणजे एकूण उष्णतेचा सहावा-सातवा हिस्सा नुसता रस तापवण्यात जातो. तो फुकट वाया जाणाऱ्या वाफेकडून वसूल करता आला तर तेवढं लाकूड आणि तेवढा वेळ वाचतो. गार रस पडल्याने पॅनची उकळी मधेच मरते, तेही थांबतं. नळ्यांच्या वरच्या टोकाला हवा निसटायला छोटी उभी नळी ठेवा, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून रसाचा प्रवाह थांबतो. आणि नळ्यांवरून ठिबकणारं पाणी पॅनमध्ये पडणार नाही असा ट्रे खाली हवाच.

हूडचा तोटा एकच, पण मोठा: पॅन झाकला जातो. झडपा असतात, त्या उघडून बघायला लागतं, आणि फेस कुणाची वाट बघत नाही. म्हणून पुष्कळ जण हूड फक्त मागच्या पन्हाळीच्या पॅनवर बसवतात, जिथे सर्वाधिक वाफ निघते, आणि पुढचा सिरपचा पॅन उघडा ठेवतात. पुढच्या पॅनची थोडी वाफ वर जायला छोटी झडप पुरते. माझ्या नजरेत ही सगळ्यात शहाणी मांडणी आहे, पण तिला दोन वेगळे पॅन लागतात. एकाच सपाट पॅनवर आटवणाऱ्याला ती लागू नाही.

जुना हूड घेताना पत्रा नीट पाहा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा जुनी झाळ असेल तर नको म्हणा. जुन्या झाळीत शिसं असतं, आणि हूडचं पाणी कधी ना कधी पॅनमध्ये पडतंच. तीच खबरदारी पाइपाची. लांब गार पाइपात वाफ जमून उलटी खाली येते, तेव्हा पाइप हूडला जिथे मिळतो तिथे ते पाणी बाहेर वळवणारी कडी असली पाहिजे. आटवणं बंद असताना पाइपावर झाकण ठेवा. भट्टीचं धुराडं आणि वाफेचा पाइप दोन्ही छतातून जातात, म्हणजे दोन भोकं, दोन ठिकाणी गळतीची शक्यता, आणि धुराड्यापासून लाकूड लांब ठेवण्याची जबाबदारी.

पंख्याबद्दल

भिंतीत एक्झॉस्ट पंखा लावून भागेल का, असं मला बरेचदा विचारतात. लाकडाची भट्टी असेल तर माझं उत्तर ठाम नाही. पंखा शेडमधली हवा खेचतो, ती भरून काढायला हवा धुराड्यातून उलटी येते, आणि तिच्याबरोबर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड. बंद शेडमध्ये रात्री एकट्याने आटवत बसलेल्या माणसासाठी हे जिवावरचं आहे. पंखा नसला तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेडमध्ये हवाच.

घरातल्या स्वयंपाकघरात आटवण्याचा विचारही सोडा. शेवटचा लिटरभर पाक गॅसवर पक्का करणं वेगळं. बाकी १६० लिटर पाणी भिंतींत मुरवायचं नाही.

वाफच कमी केली तर?

हा तिसरा रस्ता, आणि गेल्या काही वर्षांत तो लहान लोकांनाही परवडू लागला आहे. रिव्हर्स ऑस्मोसिसचं छोटं यंत्र रसातलं पाणी उकळण्याआधीच पडद्यातून गाळून काढतं. २ टक्क्यांचा रस ८ टक्क्यांवर आणला की एका गॅलन सिरपला ४३ ऐवजी पावणेअकरा गॅलनच आटवायचा. वाफ चौथ्या हिश्श्याहून कमी, लाकूड त्याच प्रमाणात. या जंगलातले मूळ रहिवासी याच विचाराने रस रात्री गोठू द्यायचे आणि वरचा बर्फ काढून टाकायचे. साखर खालच्या द्रवात राहते.

पण यंत्र गोठलं की पडदा गेला, म्हणून ते उबदार जागी लागतं. आणि घट्ट केलेला रस लवकर खराब होतो, तो त्याच दिवशी आटवायला हवा. शिवाय वाफ कमी झाली तरी संपत नाही. मी या यंत्राला क्युपोलाचा पर्याय मानत नाही. छोट्या क्युपोलावर भागेल, एवढंच.

मग कुणी काय घ्यावं

नवी शेड बांधताय, एकच सपाट पॅन आहे, पन्नासेक झाडं आहेत: क्युपोला, झालरीसकट. आयतं गॅरेज किंवा जुनी शेड आहे, छताला मोठं भोक पाडायचं नाही, किंवा दोन पॅनचा इव्हॅपोरेटर आहे: मागच्या पॅनवर हूड, आणि जमलं तर पहिल्याच वर्षी प्रीहीटर. वाऱ्याच्या टेकडीवर असाल तर पारडं हूडकडे झुकतं, कारण झाकलेल्या वाफेला वारा ढकलू शकत नाही. पैसे मोजकेच असतील आणि यंत्र की हूड असा पेच असेल, तर शंभर झाडांच्या आत मी आधी यंत्र घेईन. शेजारी दहा वर्षं हूडवाले आहेत, त्यांचं उत्तर याच्या उलट येईल.

काहीही निवडलं तरी बाहेरची हवा आत येण्याची जागा आधीच ठरवा, आणि ती खाली, भट्टीच्या तोंडाजवळ असू द्या. मुख्य दार उघडं टाकून तीच हवा पॅनवरून आडवी गेली, तर ना क्युपोला काम करतो ना मोकळा पॅन. मी भट्टीच्या दाराशेजारी भिंतीत जमिनीलगत एक झडप काढली. आगीला हवी ती हवा तिथूनच मिळते आणि वाफ सरळ उभी चढते.

शेड तयार झाली की फेब्रुवारीच्या मध्यात, रस सुरू होण्याआधी, पॅनमध्ये नुसतं पाणी भरून दोन तास जोरात उकळा. पॅनही धुऊन निघतो. खडू घेऊन उभे राहा. वाफ कुठे वळते, कुठे रेंगाळते, ते बघा. जमिनीवर जिथे थेंब पडेल तिथे खडूने फुली करा. फुल्या पॅनच्या आसपास असतील तर वरच्या त्याच वाशाला तिरकी पट्टी ठोका, पाणी बाजूला वाहून जाईल. माझ्या शेडमध्ये पहिल्या चाचणीला सात फुल्या होत्या, त्यातल्या दोन पॅनच्या काठाला लागून.