नॅशनल पार्कमधली वनस्पती-फेरी: मुलांना घेऊन जरूर जा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या या फेरीला शाळेतली मुलं घेऊन गेले होते, पैसे वसूल! मार्गदर्शक ताईंनी झुडपावरची अमरवेल भिंगातून दाखवली: पिवळट दोरा, पान नावाला नाही आणि फांदीला वेढा बसलाय तिथे बारीक फुगवट्यांची रांग. तिथूनच ती रस ओढते. तिच्या एका जातीचं कोवळं रोप वासाचा माग काढत वाढतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते गव्हापेक्षा टोमॅटोकडे जास्त वळलं. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणाचं बी तर त्या मुळांतून पाझरणारं रसायन पोचेपर्यंत मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. मुलांचे प्रश्न संपेनात, ताईही कंटाळल्या नाहीत. गट मात्र फार मोठा, मागच्यांना ऐकू येत नव्हतं. भिंग घरून न्या, तिथे एकच असतं.