घरच्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? मग आधी यातला कुठला सिनेमा बघायचा

आजीला, बाबांना बोलतं करून सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं असं आपण सगळेच म्हणतो आणि ते राहूनच जातं. एखादा सिनेमा बघून हुरूप येईल असं वाटत असेल तर माझ्याकडे चार नावं आहेत, पण चारही वेगवेगळ्या कामाचे, त्यामुळे तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघून ठरवा.

घरात लहान मुलं असतील तर 'कोको', २०१७ चा, प्रश्नच नाही. मेक्सिकोतला मृतांचा सण, घरात पूर्वजांचे फोटो मांडलेले, आणि ज्याचा फोटो मांडलेला नाही त्याला त्या रात्री घरी येताच येत नाही. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या आपल्या घरांत हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. शेवटी पणजीने खणात जपलेला फोटोचा फाटका तुकडा निघतो ना, त्यानंतर आपल्या पणजीबद्दल विचारावंसं वाटतंच. फक्त काय विचारायचं, कसं विचारायचं हे काही यातून कळणार नाही.

सारा पॉलीचा 'स्टोरीज वी टेल' (२०१२) एकदम उलटा. सारा अकरा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि आता ही भावंडांना, वडिलांना, आईच्या मित्रमैत्रिणींना कॅमेऱ्यासमोर बसवून एकच गोष्ट प्रत्येकाकडून ऐकते आणि प्रत्येकाची वेगळी निघते. घरात एखादा झाकलेला विषय असेल तर हा आधी एकट्याने बघा, सगळ्यांसमोर एकदम लावू नका, प्लीज.

आता सगळ्यात कॉमन अडचण, म्हणजे "आमच्यात काय आहे सांगण्यासारखं?" म्हणणारे बाबा. त्यांच्यासाठी ॲलन बर्लिनरचा १९९६ चा 'नोबडीज बिझनेस', जेमतेम तासाभराचा. मुलगा वडिलांना पूर्वजांबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल विचारत राहतो, वडील वैतागतात, मी साधा माणूस, कोणाला पडलंय म्हणतात, आणि मध्येमध्ये चक्क बॉक्सिंगच्या मॅचचे तुकडे येतात. पण मुलगा उठून जात नाही आणि त्या चिडचिडीतूनच बापाचं अख्खं आयुष्य बाहेर येतं. नकार हाही रेकॉर्ड करण्यासारखाच असतो हे मला इथे पटलं.

आणि 'थ्री मिनिट्स : अ लेंग्दनिंग', २०२१ चा, बियांका स्टिग्टर यांचा. हा मला सगळ्यात जास्त लागला. डेव्हिड कुर्त्झ नावाचे अमेरिकेत गेलेले एक गृहस्थ १९३८ मध्ये पोलंडमधल्या आपल्या जन्मगावी, नाशेल्स्कला गेले आणि तीन मिनिटांचं शूटिंग केलं. नातवाला ती रीळ २००९ मध्ये फ्लोरिडाच्या घरातल्या कपाटात सापडली, पार खराब व्हायला आलेली. गावात जवळपास ३,००० ज्यू होते, युद्धातून वाचले शंभरपेक्षाही कमी. अख्ख्या सिनेमात तीच तीन मिनिटं पुन्हा पुन्हा, थांबवून, जवळ नेऊन दाखवतात. दुकानावरची एक धूसर पाटी वाचायला केवढा खटाटोप! पुढे एका बाईंनी ती फिल्म इंटरनेटवर बघितली आणि त्यातला तेरा वर्षांचा मुलगा ओळखला, तिचे आजोबा, तेव्हा हयात होते, आणि मग त्यांनी आणखी काहींची नावं सांगितली. बाकीचे बरेच चेहरे बिननावाचेच राहिले. आपल्याकडचे लग्नाचे अल्बम काढून बघा, मागच्या रांगेतली निम्मी माणसं आत्ताच कोणाला ओळखू येत नाहीत.

एकच बघायचा असेल तर माझं मत 'थ्री मिनिट्स'ला, कारण तो बघून लगेच काय करायचं ते कळतं: अल्बम घेऊन आजीशेजारी बसायचं, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत हा कोण, कुणाचा, कुठल्या गावचा असं विचारत जायचं. आणि आजी बोलायलाच तयार नसेल तर आधी 'नोबडीज बिझनेस' बघा, मग अल्बम काढा.