नर्सिंग होमचे कपडे: बाहेरची लाँड्री की स्वतःचं मशीन?

आमचं 18 बेडचं, निम्मे पेशंट अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे बेडशीट, ड्रॉ शीट (पेशंटच्या कमरेखाली घालायची आडवी चादर), गाऊनचा रोज किती ढीग पडतो ते चालवणाऱ्याला सांगायला नको. चार वर्षं बाहेर दिलं, आता दीड वर्ष झालं स्वतःचं हीटरवालं फ्रंट लोड आहे, म्हणजे दोन्हीकडचं भोगून झालंय.

बाहेर दिलं की डोक्याला ताप नाही हे खरं. पाणी त्यांचं, वीज त्यांची, इस्त्रीच्या घड्या हातात. आमचा धोबी माणूसही चांगला, भर पावसात एक खाडा नाही. पाणी किती गरम घेता विचारलं की "कडकडीत, साहेब" एवढंच. अमेरिकेच्या सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं, सांगणं 71 अंशाला 25 मिनिटं, आता कडकडीत म्हणजे किती ते कोण मोजणार, चालवून घेत होतो.

डोक्यात गेलं ते गाठोडं. सकाळी मळकं ज्या चादरीत बांधून जायचं त्याच चादरीत संध्याकाळी धुतलेलं परत! वेगळं कापड दिलं तर आठ दिवसांत ते कुठल्याशा हॉटेलचे टॉवेल बांधायला गेलं, मग निळी पिशवी-पांढरी पिशवी करून बघितलं, टेम्पोत सगळं एकावर एकच. त्यात एका आजोबांना खरूज झाली आणि महिन्याभरात तीन खोल्या खाजवायला लागल्या. गाठोड्यामुळेच पसरली असं मी छातीठोक नाही म्हणणार, खरूज जास्त करून अंगाला अंग लागून पसरते आणि आमच्या मावश्याही तेव्हा ग्लोव्हज घालायच्या नाहीत. पण नंतर ते गाठोडं दारात दिसलं की माझंच अंग खाजायचं.

मशीनचे नखरे वेगळे. बोअरचं पाणी जड, हीटरवर क्षार बसतो, आणि पावसाळ्यात वाळत घालायचं कुठे हा रोजचा तमाशा, ड्रायर धरूनच बजेट करा. रक्ताचं आधी गार पाण्यात, गरमात टाकलं की डाग पक्का, हे मावश्यांना माहीत होतं, मला नव्हतं. हायपोही (क्लोरीनचं ब्लीच) सरसकट ओतू नका, क्लोरहेक्सिडिन (त्वचेला लावायचं जंतुनाशक) लागलेल्या चादरीवर तपकिरी डाग पडतात ते जन्मात जात नाहीत, आमच्या 10-12 चादरी गेल्या तेव्हा कळलं. पण खरजेचे कपडे बेडजवळच पिशवीत, तिथून थेट मशीनमध्ये 60 अंशावर, मधे झटकणं नाही की जमिनीवर मोजणं नाही, सगळं डोळ्यासमोर.

8-10 बेडच असतील आणि तुमचा धोबी दोन पिशव्या खरंच पाळत असेल तर बाहेर द्या, बहुतेक मशीनचा खर्च निघणार नाही. आमचे पडदे आणि ब्लँकेट अजून त्याच्याकडेच जातात. मशीन घेणार असाल तर जमल्यास खोली दोन दारांची बघा, मळकं एकातून आत, धुतलेलं दुसऱ्यातून बाहेर. आमची एकाच दाराची आहे, म्हणून मळकं सकाळी 11 पर्यंतच आत जातं, मग दार-कट्टा पुसून घेतो, आणि दुपारनंतर फक्त धुतलेलं बाहेर येतं.